पोराला ‘मूळव्याध’ म्हणण्याआधी तपासणी करा; कोवळ्या वयातला आतड्याचा कर्करोग वेगळ्या वाटेने पसरतो

कोल्हापूर : दहावी-बारावीच्या वयातल्या मुलाला संडासवाटे रक्त जातंय म्हटलं की घरात पहिला शब्द निघतो तो मूळव्याध. पोटात कळ येते म्हटलं की जंत, नाहीतर बाहेरचं खाणं. बहुतेक वेळा हा अंदाज फारसा चुकत नाही. पण अगदी थोड्या मुलामुलींमध्ये याच तक्रारींच्या मागे मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग असतो. एवढ्या लहान वयात असं काही असेल हे घरच्यांच्या मनात येत नाही आणि अनेकदा पहिल्या डॉक्टरच्याही मनात येत नाही. त्यात महिने जातात आणि आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावरच सापडतो.

हा आजार कोवळ्या वयात वेगळा का वागतो, कुठे पसरतो आणि गावात राहणाऱ्या आई-बापांनी कधी थांबायचं व कधी हलायचं, याची ही माहिती.

आजार दुर्मीळ, म्हणूनच चुकतो

आधी घाबरण्याचं कारण नाही हे स्पष्ट केलं पाहिजे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार २० वर्षांखालच्या १० लाख मुलांमागे वर्षाला साधारण एकाला हा कर्करोग होतो. भारतात तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं एकूण प्रमाणच पाश्चात्य देशांपेक्षा कमी आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली. तिथल्या नोंदीतही हा आजार कमीच दिसत आला आहे.

म्हणजे रक्त दिसलेल्या मुलांपैकी बहुतेकांना कर्करोग नसतो. कडक संडासमुळे पडलेली चीर, मूळव्याध, आव किंवा जुलाबाचा आजार हीच नेहमीची कारणं. पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे. पन्नाशीच्या माणसाला रक्त गेलं तर डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतात. सोळा वर्षांच्या पोराला तेच झालं तर मलम आणि पातळ औषध मिळतं. फरक पडतो तो इथेच.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आपल्याकडे आलेल्या सुमारे ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात या कर्करोगाच्या रुग्णांचं सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं. पाश्चात्य देशांत हा प्रामुख्याने साठी-सत्तरीतला आजार समजला जातो. आपल्याकडे तो तुलनेने तरुण माणसांत सापडतोय, हे त्यावरून दिसतं.

‘अंगठी’सारखी पेशी

मोठ्या माणसात हा कर्करोग बहुधा आतड्याच्या आतल्या बाजूला आलेल्या छोट्या कोंबापासून सुरू होतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपचा कर्करोग व्हायला बरीच वर्षं लागतात. मध्ये कधी दुर्बिणीतून पाहिलं तर तो कोंब दिसतो आणि तिथल्या तिथे काढताही येतो.

किशोरवयातल्या रुग्णांत अनेकदा गोष्ट वेगळी असते. त्यांच्यात चिकट, शेंबडासारखा द्रव तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग जास्त सापडतो. या द्रवाला म्युसिन म्हणतात. काही रुग्णांत हा द्रव पेशीच्या आतच साठतो आणि पेशीचा मधला गाभा एका कडेला ढकलला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. म्हणून या प्रकाराला ‘सिग्नेट रिंग’ म्हणतात. सिग्नेट रिंग म्हणजे मोहोर असलेली अंगठी.

अमेरिकेत मेम्फिस शहरातल्या सेंट ज्यूड या मुलांच्या रुग्णालयात १९६४ ते २००३ या काळात आलेल्या ७ ते १९ वर्षांच्या ७७ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६२ टक्के रुग्णांचा कर्करोग चिकट द्रवाचा होता आणि बहुसंख्य रुग्ण पुढच्या टप्प्यातच पोचलेले होते. मोठ्या माणसांत या प्रकाराचं प्रमाण यापेक्षा कितीतरी कमी असतं. अंगठीच्या पेशीचा प्रकार तर पाश्चात्य देशांत सगळ्या वयांचे रुग्ण धरले तर शंभरात एखाद्यालाच. टाटाच्या वरच्या आढाव्यात मात्र तो १३ टक्के रुग्णांत आढळला.

या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहत नाहीत. सुट्या सुट्या होऊन आतड्याच्या भिंतीत आडव्या पसरतात. उसाला कांडी कीड लागली की वरून ऊस हिरवागार दिसतो आणि कांडं फोडल्यावर आत पोखरलेलं निघतं, तसंच हे. आतड्याच्या आत मोठी गाठ दिसेलच असं नाही. भिंत जाड आणि ताठ होते, आतली वाट चिंचोळी होते. त्यामुळे दुर्बिणीतून वरवरचा तुकडा घेतला तर पहिल्या वेळी अहवालात कर्करोग न येण्याचीही शक्यता असते. शंका कायम असेल तर डॉक्टर पुन्हा, खोलवरचा तुकडा घेतात. ‘एकदा बायोप्सी केली, काही निघालं नाही’ एवढ्यावर तक्रारी चालू असताना विषय सोडू नये.

नेहमीची वाट आणि वेगळी वाट

आतड्याचं रक्त सगळ्यात आधी लिव्हरकडे जातं. पाटाचं पाणी पहिल्यांदा पाटालगतच्या रानात शिरतं, तसं. म्हणून मोठ्या माणसाचा आतड्याचा कर्करोग रक्तातून पसरला की बहुधा पहिल्यांदा लिव्हरमध्ये आणि मग फुप्फुसात दिसतो. सोनोग्राफीत लिव्हर स्वच्छ आलं की घरच्यांना हायसं वाटतं ते त्यामुळेच.

कोवळ्या वयातल्या चिकट द्रवाच्या आणि अंगठीच्या पेशीच्या कर्करोगाला मात्र दुसरी वाट जास्त जवळची. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असतं. डॉक्टर त्याला पेरिटोनियम म्हणतात, मराठीत उदरावरण. कर्करोग आतड्याची भिंत भेदून बाहेर आला की सुट्या पेशी या पोकळीत पडतात आणि अस्तरावर जागोजागी रुजतात. ही फोकून केलेली पेरणी म्हणायची. एका जागी मोठा ढीग नाही, सगळीकडे बारीक दाणे.

बारीक दाणे सोनोग्राफीत सहज दिसत नाहीत, सीटी स्कॅनमध्येही कधी निसटतात. चिकट द्रव जास्त असला तर पेट स्कॅनमध्येही हा आजार नीट उजळत नाही. म्हणून काही वेळा पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहावं लागतं. अस्तरावर आजार वाढला की पोटात पाणी होतं, पोट फुगतं, जेवण जात नाही, आतडी एकमेकांना चिकटून अडतात.

याशिवाय आतड्याजवळच्या आणि लांबच्या लसिका गाठींतही हा प्रकार लवकर शिरतो. कधी मानेच्या डाव्या बाजूला हाडाच्या वर गाठ लागते. क्वचित तो हाडात किंवा हाडातल्या मज्जेत जातो. तेव्हा कंबर किंवा पाठ सतत दुखणं, रक्तातल्या पेशी कमी होणं अशी लक्षणं पुढे येतात. वाढत्या वयात हाडं दुखतातच म्हणून ती सोडून दिली जातात.

मुलींच्या बाबतीत अंडाशय

मुलींमध्ये या पेशी अंडाशयावरही रुजतात. कधी तर आतड्याची तक्रार फार नसताना आधी अंडाशयाची गाठच सापडते. पोट वाढलं, पाळी बिघडली म्हणून सोनोग्राफी होते, दोन्ही बाजूंना गाठी दिसतात आणि ‘अंडाशयाची गाठ’ म्हणून ऑपरेशन ठरतं. गाठ तपासायला गेल्यावर कळतं की मूळ आजार आतड्यात किंवा जठरात आहे.

म्हणून कोवळ्या मुलीच्या दोन्ही अंडाशयांत घट्ट गाठी असतील, सोबत वजन घटलं असेल, संडासच्या सवयी बदलल्या असतील, तर ऑपरेशनआधी आतड्याची आणि जठराची तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. लग्नाच्या वयाची पोर म्हणून गाठ लपवून ठेवणं, गावात बोभाटा नको म्हणून लांबणीवर टाकणं, याची किंमत त्या मुलीलाच मोजावी लागते.

आजाराला मिळणारी चुकीची नावं

मूळव्याध : किशोरवयात खरी मूळव्याध कमी आढळते. चीर पडणं जास्त. पण दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहून आणि बोटाने तपासून ठरतात, नुसतं ऐकून नाही. खाली गुदाशयात असलेली गाठ अनेकदा डॉक्टरच्या बोटालाच लागते. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. तपासणी न करता सूत्र बांधणारे, जडीबुटी देणारे, ‘एका इंजेक्शनात मूळव्याध बंद’ असे फलक लावणारे यांच्याकडे पोराला नेऊ नये.

जंत : शाळेत जंताची गोळी मिळते, ती घ्यावीच. पण गोळी घेऊनही दोन-तीन आठवडे कळ येत राहिली, तर कारण दुसरं आहे असं समजायचं.

रक्त कमी : १० ते १९ वयाच्या मुलामुलींना शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर टाकी कुठे गळतेय का हे पाहावं लागतं. आतड्यातून थोडं थोडं रक्त जात असेल तर डोळ्यांना दिसतही नाही. संडासची साधी तपासणी करून ते कळतं. लोहाच्या गोळीनेही संडास काळी होते, त्यामुळे गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगावं.

अपेंडिक्स : उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात आजार असेल तर कळ अपेंडिक्ससारखीच येते. ऑपरेशन झालं असेल तर काढलेल्या अपेंडिक्सचा पॅथॉलॉजी अहवाल मागून घ्या आणि जपून ठेवा.

पोटाचा टीबी : ही सगळ्यात मोठी गल्लत. टीबीतही वजन घटतं, पोटात पाणी होतं, आतड्याची भिंत जाड दिसते, अस्तरावर दाणे दिसतात. आपल्याकडे टीबी जास्त, म्हणून आधी तोच मनात येतो आणि बऱ्याचदा तोच असतो. पण शक्य असेल तिथे तुकडा किंवा पाणी तपासून टीबीचा पुरावा मिळवावा. पुराव्याविना औषध सुरू झालं असेल आणि दीड-दोन महिन्यांत उतार पडत नसेल, तर ‘कोर्स पूर्ण होऊ दे’ म्हणून थांबू नये. मात्र औषध स्वतःहून बंदही करायचं नाही. आधी डॉक्टरांकडे जाऊन फेरतपासणी मागायची.

पोरं सांगत नाहीत

या वयातलं पोर संडासची गोष्ट आईजवळही बोलत नाही. मुली तर पाळीचं रक्त आणि संडासचं रक्त यात घोळ होईल म्हणून गप्प बसतात. वसतिगृहात राहणारं पोर घरी सांगत नाही. घरच्यांनीच सरळ विचारायला हवं. रक्त दिसतंय का, आव पडते का, संडासला जाऊनही पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही का, रात्री कळ येऊन झोपमोड होते का, पँट ढिली झाली का. विचारताना हसू नये, ओरडू नये.

वय हीसुद्धा एक अडचण आहे. पंधरा ते एकोणीस वर्षांचं पोर बालरोगतज्ज्ञाला मोठं वाटतं आणि मोठ्यांच्या डॉक्टरला लहान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळा-अंगणवाडीत तपासणी होते. पथक शाळेत आलं की ही तक्रार शिक्षकांमार्फत त्यांच्या कानावर घालता येते.

घराण्यात कुणाला होता का?

लहान वयात हा कर्करोग झाला की घराण्याचा इतिहास विचारला जातो. काही घरांत आतड्यात शेकडो पॉलिप येण्याचा आनुवंशिक दोष असतो. अशा घरातल्या मुलांची दुर्बिणीने तपासणी १० ते १२ वर्षांच्या वयापासूनच सुरू करतात. दुसऱ्या एका दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यात आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग घराण्यात तरुणपणी दिसतो. तिथे तपासणी साधारण २० ते २५ व्या वर्षी सुरू होते.

त्याच गटातला एक दोष आई आणि वडील दोघांकडूनही मुलात आला तर कर्करोग अगदी बालपणात होऊ शकतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. नात्यातल्या लग्नात असा दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. अशा मुलांच्या अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे डाग असू शकतात. यात कुणाचा दोष काढायचा नाही, पण डॉक्टरांपासून ते नातं लपवूही नये.

मात्र बऱ्याच मुलांत घराण्यात कुणालाच नसतानाही हा आजार होतो. ‘आमच्या घरात कुणाला नाही’ म्हणून तपासणी टाळणं बरोबर नाही.

उपचार कसे असतात

आजार आतड्यापुरता असेल तर ऑपरेशन हा मुख्य उपचार. जवळच्या गाठींत गेला असेल तर पुढे केमोथेरपी. गुदाशयाचा असेल तर अनेकदा आधी रेडिएशन आणि केमो, मग ऑपरेशन. काही काळ किंवा कायमची पोटावर संडासची पिशवी लावावी लागते. पिशवी लावून पोरं शाळा-कॉलेज करतात, कामही करतात.

उपचाराआधी एक गोष्ट विचारायची असते आणि ती बहुतेक जण विचारत नाहीत. रेडिएशन आणि काही औषधांनी पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. मुलाचे शुक्राणू आधी साठवून ठेवता येतात. मुलीची अंडाशयं रेडिएशनच्या टप्प्याबाहेर हलवता येतात. हे उपचार सुरू होण्याआधीच करायचं असतं.

पोटाच्या अस्तरावर पसरलेला आजार अवघड. केमोने तो आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न होतो. निवडक रुग्णांत अस्तरावरचा सगळा दिसणारा आजार काढून पोटात गरम केलेलं केमोचं औषध फिरवतात. हे ऑपरेशन मोठं असतं, मोजक्याच केंद्रांत होतं आणि प्रत्येकाला चालत नाही. आनुवंशिक दोषामुळे झालेल्या काही कर्करोगांत इम्युनोथेरपी चांगली लागू पडते, म्हणून तुकड्याची एमएमआर ही तपासणी करून घेतात.

लवकर सापडण्याने काय फरक पडतो तो आकड्यांत पाहा. अमेरिकेतल्या सर्व वयांच्या रुग्णांत आजार आतड्यापुरता असताना सापडला तर ५ वर्षांनंतर १०० पैकी सुमारे ९० जण हयात असतात. लांब पसरल्यावर सापडला तर सुमारे १५. आजार फार पुढे गेलेला असला तरी दुखणं, उलट्या, पोटातलं पाणी यावर उपचार असतात. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ‘आता काही उरलं नाही’ म्हणून पोराला तसंच घरी कण्हत ठेवायची गरज नाही.

कुठे जायचं, पैशाचं काय

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयापासून करा. तिथून पुढे कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी गोकुळ शिरगावचं कोल्हापूर कॅन्सर सेंटर, मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल ही जिल्ह्यातल्या लोकांची नेहमीची ठिकाणं.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना एकत्र राबवल्या जातात. आता सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, मगच पैसे भरण्याचं बघा. योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे.

मुंबईला जायचं असेल तर रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची राहण्याची सोय होते. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची आई-वडिलांसह मोफत राहण्याची व्यवस्था आहे. त्याबद्दल रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा.

हे लक्षात ठेवा

- संडासवाटे रक्त दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस जात असेल किंवा थांबून पुन्हा पुन्हा येत असेल, तर बोटाने तपासणी आणि हिमोग्लोबिन करून घ्या. कारण सापडलं नाही किंवा उपचाराने थांबलं नाही, तर दुर्बिणीची तपासणी मागा.
- रक्तासोबत वजन घटणं, अंगात रक्त कमी होणं किंवा रात्री उठवणारी पोटदुखी असेल, तर दोन आठवडेही थांबू नका.
- पोट फुगलं, संडास आणि वारा दोन्ही बंद, उलट्या चालू, असं झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. आतडं अडल्याची ती खूण आहे.
- प्रत्येक अहवाल, सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर ते लागतात.
- डॉक्टरांना आपल्या अंदाजाचं नाव सांगू नका, लक्षण सांगा. ‘मूळव्याध झालीय’ असं न म्हणता ‘किती दिवसांपासून रक्त जातंय, किती किलो वजन घटलंय’ असं सांगा.

दुर्बिणीच्या तपासणीला आदल्या दिवशी पोट साफ करण्याचं औषध घ्यावं लागतं आणि पोराची एक-दोन दिवसांची शाळा बुडते. तपासणीत काही निघालं नाही तर चांगलंच. निघालं, तर आजार अस्तरावर पेरला जाण्याआधी हातात येण्याची संधी तरी मिळते.